एका कुंडीची पानं

"पान खुडते गं बाई, आधी झाडाला पुसते,
एका पानाच्या मागून सारी फांदी मुसमुसते."

आत्याचा आवाज. आत्याला जाऊन कित्येक वर्षं झाली, पण शेवटची चौकट भिंतीवर सरळ करताना तो कानात असा उमटला, की तिनं शिडीवरूनच मान वळवून पाहिलं. खाली छपाईच्या वर्गातला निवृत्त कॅशियर तेवढा उभा होता, ओठांत दोन खिळे धरून.

"डावीकडं जरा," तो खिळ्यांच्या फटीतून म्हणाला. "हां, बास. वहिनी, झाडाला पार टक्कल केलंत की!"

ती हसली. हसणं भाग होतं.

बागेच्या काचघराला लागून असलेल्या लांबट खोलीत छपाईच्या वर्गाचं प्रदर्शन मांडलं होतं. काचघराची ओल भिंतीतून इकडं झिरपायची. काचेमागचे कागदही किंचित फुगून आले होते. कुणी नेचे छापले होते, कुणी गवताचे तुरे. तिची भिंत मात्र एकाच झाडाची. खाली तळहाताहून मोठी जून पानं, वर जाता जाता लहान होत गेलेली, आणि अगदी शेंड्याला न उलगडलेल्या कोवळ्या पानाची घडी. झाडावर ती पोपटी होती. कागदावर काळी.

ते झाड लेकीचं. होस्टेलवरून येताना तिनं ओल्या रुमालात एक फांदी गुंडाळून आणली होती, खिडकीतल्या कुंडीत खोचली होती. फांदी जगली. लेक दवाखान्यातून परत आली नाही.

त्यानंतर ही भिंतीकडं तोंड करून पडून असायची. दिवस उजाडला काय, मावळला काय. शेवटी शेजारणीनं हाताला धरून या वर्गात आणून बसवलं. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी घरचं एखादं पान आणा." घरात झाड एकच होतं.

एकच पान, असं म्हणून तिनं कात्री लावली होती. बाईंनी पानावर शाईचा रूळ फिरवला, वर ओलसर कागद ठेवला, प्रेसचं जड चाक तिच्याकडून फिरवून घेतलं. पहिला ठसा नुसता काळा डाग.

"पहिला ठसा शाईचा असतो," बाई म्हणाल्या. "दुसरा पानाचा. घाई नको."

त्याच पानाचा दुसरा ठसा घेतला, आणि कागदावर शिरा उमटल्या, शिरांना फुटलेल्या शिरा, हाताच्या पाठीवर दिसाव्यात तशा. ती बघत राहिली. तिसऱ्या ठशाला पानाचा चोथा झाला. त्या दिवशी घरी जाऊन तिनं किती दिवसांनी वेणी घातली.

पुढच्या वेळी दुसरं पान नेलं. मग तिसरं.

"पान गळलं," ती नवऱ्याला सांगायची.

"पाणी कमी पडलं असेल," तो म्हणायचा आणि तांब्या भरून घ्यायचा. घरात दोघांचं बोलणं म्हणून उरलं होतं ते एवढंच.

काही दिवसांनी पानं माना टाकू लागली. आपल्याच कात्रीनं झाड खचलं, हे तिला कळत होतं. थांबायला हवं, हेही. पण मऊ पडलेल्या पानाचा ठसा फार सुरेख उतरतो. तिचे हात थांबले नाहीत. आता कुंडीत काटकी उरली होती, आणि नवरा रोज कामावर जाण्याआधी तिला पाणी घालायचा, वाकून तिची पेरं निरखायचा.

"डोळा फुटेल," म्हणायचा. "वेळ लागतो."

दर सकाळी शब्द तिच्या गळ्यापर्यंत यायचे. चहाच्या घोटाबरोबर ती ते गिळायची. हे कळलं तर त्याच्याजवळ राहिलेलं तेवढंही जाईल, आणि तो आपल्याशी पुन्हा बोलायचा नाही. म्हणून प्रदर्शनाचं तिनं उडतउडत सांगितलं होतं. "पानाफुलांचं काहीतरी आहे. तुम्ही कामाचा खाडा करून येऊ नका."

दुपार कलली तशी गर्दी पांगली. आणि दारात तो उभा होता. लिफ्टदुरुस्तीचे तेलकट कपडे, खांद्याला हत्यारांची पिशवी.



"या, या!" कॅशियरनं हात उंचावला. "आज लिफ्ट सोडून जमिनीवर? बघा वहिनींची भिंत. शेंड्यापर्यंत सोडलं नाही!"

"बघतो ना," तो म्हणाला. "त्यासाठीच आलो."

त्यानं पिशवी खाली ठेवली, हात पाठीशी बांधले आणि खालच्या ओळीपासून सुरुवात केली. चौकटीमागून चौकट, सावकाश. एका पानापाशी थांबला. खिडकीचं दार लागून कड फाटलेलं ते पान. दार त्याच्याच हातून आपटलं होतं. त्यानं बोट पुढं केलं, काचेला न लावताच मागं घेतलं.

कॅशियरच्या काहीतरी ध्यानात आलं असावं. तो चहाचं निमित्त काढून बाहेर गेला.

"अहो," ती म्हणाली. "ती पानं..."

"गळली नव्हती. माहीत आहे मला."

तिनं शिडीला हात टेकला.

"गळलेल्याचा देठ वेगळा असतो," तो भिंतीकडंच बघत म्हणाला. "कात्रीचा वेगळा. एवढं कळतं गं."

"मग बोलला का नाहीत? शिव्या घातल्या असत्यात, हात धरला असतात. रोज त्या काटकीला पाणी कशाला घालत होतात?"

तो शेंड्यापर्यंत पोचला होता. त्या मिटलेल्या घडीकडं बराच वेळ बघत राहिला. मग वाकून त्यानं पिशवी उचलली, पण खांद्याला लावली नाही, नुसती पोटाशी धरली.

"तू पहिलं पान नेलंस ना, त्याच्या आदल्याच दिवशी मी माती उकरून बघितली होती. मूळ कुजलेलं. पार लगदा. झोप लागायची नाही, उठून उठून मीच पाणी ओतत होतो त्यात." त्याचा आवाज खाली गेला. "ते वाचणार नव्हतंच. नंतरचं पाणी तुला कळू नये म्हणून. तुला सांगणार होतो. पण सकाळी तू आपणहून उठून बसली होतीस, वर्गाला जायला चपला शोधत होतीस."