देवगाव फाट्याला गेलेला बाक

मोठ्यांदा सांगतो, पार सेलूच्या ष्टँडापर्यंत ऐकू जाऊ द्या. मी सांगायलोय त्यातला शब्द अन् शब्द खरा हाय. मला हात न्हाईत, म्हणून माझ्या चारी पायांची आन घेतो.

मित्रांनो, मी एक जुना बाक हाय. योगिनी वकीलबाईचा. आता लय बेजार झालोय. माणसं बसून उठून जातात, वजन माझ्यातच राहतं.

मी बाभळीचा. असा चिवट, की मला घडवताना सुताराच्या तीन पटाशा मोडल्या. चवथीच्या वेळी त्यानं मलाच हात जोडले, म्हणला, बाबा, होऊ दे आता. मग योगिनीचे वडील अण्णासाहेब, रिटायर मास्तर, मला घेऊन आले. लेकीला वकिलीची सनद मिळाली होती. ओट्यावर मी, आत टेबल, दाराला लहानशी पाटी. झालं आफिस.

अन् मग मी नुसता रिकामा. मित्रांनो, भरलेल्या बाकापेक्षा रिकामा बाक जास्त थकतो. कुत्रंबी माझ्याखाली बसायचं, वर न्हाई. शेवटी अण्णासाहेब लेकीला म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. नाही जमलं तर पाटी काढायची अन् ओळखीच्या शाळेत कारकुनाच्या जागेवर बसायचं." त्या दिवशी योगिनीनं मला दोनदा पुसलं.

तिच्याकडं पक्षकार एकच, धुरपताबाई. दीर आश्रुबानं तिच्या शेताची वाट अडवली होती. तारखेला ती भाकरी बांधून यायची अन् पाय वर घेऊन माझ्यावर बसायची.

योगिनीचे मामा किशनराव. त्यांचं देवगाव फाट्याला बॅनर छापायचं दुकान. भाचीचा रिकामा बाक त्यांना बघवंना.

"योगे, नुसतं दुकान उघडून भागत न्हाई. बोंबलावं लागतंय."

"मामा, वकिलाला जाहिरात करता येत नाही. कुणी तक्रार केली तर सनद जाईल."

"जाहिरात कुठं करायलोय? तुझा वाढदिवस हाय. शुभेच्छांना कोणता कायदा आडवा येतोय?"

ती नको नको म्हणत असताना मामांनी फाट्यावर बॅनर लावलंच. काळ्या कोटात योगिनी, वर ‘अन्यायाचा कर्दनकाळ’, अन् खाली शुभेच्छुकांच्या तोंडांची ओळ. ती ओळ मामांच्या कंप्युटरात तयारच असायची. वाढदिवस कुणाचाबी असो, तीच तोंडं चिटकवायची. त्यात तिसरं तोंड आश्रुबाचं.

दुसऱ्या दिवशी धुरपताबाई आली. माझ्यावर बसली न्हाई.

"बाई, माझे कागद द्या."

"काय झालं, मावशी? तारीख तर पुढल्या सोमवारी हाय."

"माझा दीर तुमचा शुभेच्छुक हाय म्हणं. गॉगल घालून हसायलाय फाट्यावर."

योगिनीचं तोंड उतरलं. आत गेली, कागद आणून धुरपताबाईच्या हातात दिले. मग मामांना फोन लावला, तर मामा लग्नाला गेलेले, दुकानाला कुलूप, शिडी आत.

"कागद तुमच्याजवळच राहू द्या," योगिनी म्हणाली. "पण बॅनर काढताना तुमी समोर पाहिजेत."

तिनं मला जीपच्या टपावर चढवलं. जिंदगीत पहिल्यांदा मी कुणाच्या तरी डोक्यावर बसलो.

फाट्यावर वकीलबाई माझ्यावर उभी राहिली, हातात भाजीवालीचा विळा. चहा पिणारे सगळे गोळा झाले.

"वाढदिवस संपला का, ताई?" एकानं विचारलं.

"संपला. कापायचं तेवढं राहिलंय," ती म्हणाली अन् दोरीवर विळा घातला. वारं सुटलं होतं, बॅनर तिला ओढत होतं. पण मी जागचा हललो न्हाई. खांबासारखा उभा.

बॅनर खाली आलं. धुरपताबाईनं त्याची घडी घातली, दिराचं तोंड आत दाबलं अन् माझ्यावर टेकली.

"घ्या हे कागद माघारी," ती म्हणाली. "मला कुठं वाचता येतंय."

मग ती जीपमध्ये, बाजारात, हळदीकुंकवात सांगतच सुटली. वकीलबाईनं सोताचं बॅनर सोता उतरवलं. ही गोष्ट पाथरीला पोचली तेव्हा बॅनरं सात झाली होती, अन् परभणीला पोचेस्तोवर वकीलबाई टॉवरवर चढली होती. दिवाळीच्या आधीच माझ्यावर जागा पुरंना. अण्णासाहेब दारातून गर्दी बघायचे अन् गुमान आत जायचे. मुदतीचं नाव पुन्हा न्हाई काढलं.

आता लोखंडी खुर्च्या आल्यात. मी मागच्या दारी, अंगावर बादली, मागचा पाय खिळखिळा. नवे वकील योगिनीला विचारतात, पक्षकार कसे वाढवायचे? मला कुणी विचारत न्हाई. मित्रांनो, दाराशी आलेल्या माणसाला नुसतं टेबलापलीकडून बघू नका. जरा बाहेर या, त्याच्याजवळ बसा. अन् तो ज्याच्यावर बसतो, त्याचा पाय तेवढा ठोकून घ्या.

एक गोष्ट मात्र मी बनवून सांगितली. फाट्यावर हललो न्हाई म्हणलो, ते खोटं. लय हललो. पाय खड्ड्यात गेला होता. धुरपताबाईनं तिचे कागद कमरेला खोचले, अन् दोरी तुटेस्तोवर दोन्ही हातांनी वकीलबाईचे पाय धरून ठेवले.