कोपऱ्यावरची खोली

सुनेनं गादीवर मूठ दाबून पाहिली, नळ सोडून पाहिला आणि खिडकीचा पडदा सारला. समोरच जुन्या नोंदींचं सरकारी कार्यालय होतं. रस्ता ओलांडला की झालं.

"आई, हीच घेऊ. लिफ्ट आहे, गरम पाणी आहे. तुमचे गुडघे दुवा देतील."

सासूबाई दारातच उभ्या होत्या. उभा जन्म कोर्टात टायपिंग केलेल्या बाई; नको ते बोलायच्या नाहीत, पण हवं ते सोडायच्याही नाहीत.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "आता ती चढावरची बघू."

सून काय ते समजली. दोघी काही इथे चैनीला आल्या नव्हत्या. सासूबाईंचे वडील, आबा, पोरवयात एकटेच घर सोडून आलेले. कुठून, असं विचारलं की या गावाचं नाव घ्यायचे, "चढावर घर होतं" एवढं म्हणायचे आणि तोंडाला कुलूप. मामालोक मागून म्हणायचे, थापा मारतो, कुठला कोण देव जाणे. ते 'कुठला कोण' सासूबाईंना लहानपणापासून सलत होतं. सत्तरी उलटल्यावर तरी त्यांना त्याचा एकदाचा निकाल लावायचा होता.

चढ कसला, भिंतच ती. दोन्हीकडे दगडी घरं, मध्ये एक हातगाडी जेमतेम जाईल एवढी गल्ली, आणि चार पावलं टाकली की वळण. खोलीची मालकीण न्यायला खाली आली होती. ती पुढे, तिच्यामागे सासूबाई, आणि सगळ्यांत मागे दोन्ही बॅगा उचलून कुरकुरत सून.

पहिल्या वळणावर मालकिणीनं बोटांच्या पेरांनी भिंतीवर दोनदा टकटक केली, क्षणभर कान दिला आणि मग वळली.

सासूबाई जागच्या जागी थिजल्या.

"आई, दम लागला का?"

त्यांनी नुसती मान हलवली. मालकिणीला म्हणाल्या, "हे काय केलंत तुम्ही?"

"काय केलं? हां, ते होय." मालकीण हसली. "वळणापलीकडचं दिसत नाही ना. वरून भरलेली गाडी आली तर चेंदामेंदा व्हायचा. पलीकडे कुणी असलं तर तो एकदा वाजवतो, मग आपण थांबायचं. इथली पोरं धड चालायच्या आधी हे शिकतात."

"दुसरीकडे कुठे करतात का असं?"

"छे. खालच्या सपाटीवरचे लोक तर हसतात आम्हाला."

सासूबाईंनी भिंतीला हात टेकला. त्यांचा चेहरा पाहून सुनेनं बॅगा खाली ठेवल्या.

"आबा करायचे," त्या म्हणाल्या. "सपाट गावात, आमच्या दोन खोल्यांच्या घरात. स्वयंपाकघरातून बाहेर यायचं तरी भिंतीवर टकटक. मग थांबायचे, कान देऊन. मामा वेडगळ म्हणायचे. आम्ही पोरं नकला करायचो."

सून पुढे झाली. तिनं वळणाचा दगड नीट पाहिला. हाताच्या उंचीवर तो झिजून गुळगुळीत झाला होता. त्याच्या बराच खाली आणखी एक लहानसा खळगा होता, पोरांच्या हातांनी पडलेला. किती पिढ्यांची बोटं इथे लागली असतील, याचा तिला अंदाजच करवेना.

"इथले होते आबा," ती हळूच म्हणाली.

"इथलेच," सासूबाई म्हणाल्या, आणि भरभर चढू लागल्या. गुडघे विसरून.

खोली अगदी एका वळणावर होती. पलंग करकरत होता, नळाला धार नव्हती.

"आधीच सांगते," मालकीण म्हणाली, "या भिंतीवर दिवसभर टकटक चालते. पाहुणे वैतागतात. मागची खोली शांत आहे, ती दाखवू?"

"नको. हीच."

सुनेनं तोंड उघडलं आणि लिफ्टचं नाव न काढता मिटलं.

सासूबाई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या. बाहेर चाकं खडखडत आली आणि त्यांच्या डोक्यामागे दोनदा टकटक झाली. त्यांनी वळून आतून एकदा वाजवलं.

चाकं थांबली.

"अहो ताई, आतून नसतं वाजवायचं," मालकीण हसू आवरत म्हणाली. "तो बिचारा आता कुणी येतंय म्हणून उभा राहील."

"जरा राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "आमच्यापैकी कुणी आबांना कधी वाजवून दिलं नाही."