मोरीकडचा उतार

धनश्रीचे वडील सूर्यभानदादा गेले तेव्हा स्वयंपाकघरातल्या ओट्यामागं टाइल्सच्या चार ओळी लागल्या होत्या आणि वरच्या दोन राहिल्या होत्या. सुप्याच्या एमआयडीसीत तीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात. गावात कुणाचं घर झालं की उरलेल्या चार-दोन टाइल्स मागून आणायचे. त्यामुळे भिंतीवर कुणाच्या न्हाणीतले मासे होते, कुणाच्या देवघरातली कमळं.

दोन महिन्यांनी तिला धाकट्या भावाचा, रविराजचा फोन आला. "ताई, रविवारी गोरक्ष गवंड्याला आणतो. ती भिंत फोडून एकसारखी करून घेऊ."

"आईला विचारलंस?"

"ती म्हणती, तुमचं तुमी ठरवा."

धनश्रीनं कॉलेजात तीन दिवसांची रजा टाकली आणि गुरुवारी घरी आली. भिंत पुरी झाली तर कुणी फोडणार नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

दादांनी जमवलेल्यांतल्या पाच टाइल्स तिनं आल्याआल्या लावल्या; जेवणं होईपर्यंत त्या एकेक करून खाली आल्या. भीमाबाई दारातून बघत होत्या.

"भिजवल्या हुत्या का? कोरडी टाइल सिमिटातलं पानी पिऊन टाकती. मग धरंल कशी?"

"आधी नाही का सांगायचं, आई?"

"तू कुटं इचारलंस? प्राध्यापकीन बाई तू."

शुक्रवारी टाइल्स घमेल्यात भिजल्या. धनश्रीनं पातळी बघायला पाण्याची नळी धरून दोन्हीकडं खुणा केल्या, दोरी ताणली. खिडकीपाशी दोरी दादांच्या ओळीला टेकली आणि मोरीकडं बोटभर फट राहिली. तिनं तीनदा मोजलं. वाकडी दादांचीच ओळ होती. शेवटी शेवटी त्यांचे हात थरथरत, हे तिला ठाऊक होतं. ते असं भिंतीवर वाचावं लागेल, असं वाटलं नव्हतं. ती स्टुलावरच बसून राहिली.

"काय झालं गं?"

"दादांची ओळ उतरलीय, आई."

"उतरनारच. ओट्यालाच उतार हाय, पानी मोरीकडं जायला. मीच मागून घेतला हुता." भीमाबाई जवळ आल्या. "सरळ लावायची तर खालची ओळ तिरपी कापावी लागती. मी म्हनले, मशीन आना, न्हाईतर वाकडं दिसंल. तर म्हनत्यात कसं, तुझी नजर ओट्यावर असती, तुला सरळच दिसंल."

"मग दिसलं का?"

"मला तर दिसतंय बाई."

धनश्रीनं दोरी सोडली आणि मोरीकडं बोटभर खाली बांधली.

रविवारी गोरक्षनं थापीच्या दांड्यानं भिंत ठोकून पाहिली. "धरल्यात चांगल्या. पर वाकडं हाय, ताई."

धनश्रीनं आईकडं पाहिलं. घर आईचं होतं.

"व्हय, वाकडं हाय," भीमाबाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे तसंच."

"अगं, तूच म्हणालीस ना, तुमी ठरवा?" रविराज म्हणाला.

"तवा भिंत अर्धी हुती. गोरक्ष, आलाच हायस तर न्हाणीचा उंबरा बघ, लई पाय अडकतोय."

गोरक्ष हसत न्हाणीकडं गेला. रविराज बराच वेळ भिंतीपुढं उभा होता.

"ताई, तुझ्या ओळी कुठल्या गं? कळेना."

"वरच्या दोन," भीमाबाईच म्हणाल्या. "सिमिट कुटं माखलंय बघ की!"