तेल मुरेपर्यंत

"लाकडावरचं तेल उतरवू नकोस, पोरी. तेलाला माणूस लागतो, वॉर्निशला लागत नाही. नीट विचार कर," पॉलिशवाले काका मला म्हणाले होते. मी हसले. म्हटलं, "म्हणूनच तर उतरवतेय काका. बाबांचा एक व्याप कमी होईल."

बाबा एका गोदामावर बंदूकधारी पहारेकरी होते. बंदूक त्यांची स्वतःची. उभ्या नोकरीत गोळी झाडायची वेळ आली नाही. "माझ्या बंदुकीला फक्त डास घाबरायचे," असं तेच सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांनी परवाना परत केला, नळी आणि सगळे लोखंडी भाग जमा केले, लाकडी दस्ता तेवढा मागून घेतला. आई गेल्यावर त्या दोन खोल्यांत ते आणि तो दस्ता. खाली काकांचं पॉलिशचं दुकान.

दर रविवारी बाबा टेबलावर वर्तमानपत्र पसरून दस्त्याला जवसाचं तेल लावत. तळहातानं, लाकूड कोमट होईपर्यंत. मग वीस मिनिटं थांबायचं, तेल मुरू द्यायचं आणि कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायचं. साडेदहाला माझा फोन वाजे.

"काय म्हणतायत इन्स्पेक्टरीणबाई? जोरात बोल, हात तेलकट आहेत, फोन टेबलावर आहे."

मला लहानपणापासून सगळ्याची काळजी, म्हणून इन्स्पेक्टरीणबाई. मग नातीचे दात किती आले, जावयाचा खोकला गेला का, मी जेवते का नुसती खरकटी संपवते, अशी चौकशी. आणि मध्येच, "चला, प्यायलं त्यानं तेल. पुसतो." की फोन बंद.

एकदा पावणेअकरा झाले तरी फोन नाही, त्यांनी उचललाही नाही. मी काकांना वर पिटाळलं. बाबा तेलाचा डबा संपला म्हणून नवा आणायला गेले होते. पुढे कितीतरी दिवस, "आमच्याकडे छापा पडला होता," म्हणून त्यांनी मला छळलं.

आता वाटतं, छापाच होता तो. दर रविवारचा.

माझी मुलगी रांगायला लागली आणि एके दिवशी बाबांच्या घरी तो दस्ता चोखताना सापडली. हनुवटी तपकिरी, हात चिकट. डब्यातल्या तेलात ते लवकर वाळावं म्हणून काहीबाही घालतात, ते मुलांच्या पोटात जाऊ नये, असं मी वाचलं होतं. "अगं, तूही चोखलायस तो," बाबा म्हणाले. मी ऐकलं नाही. दस्ता चादरीत गुंडाळून घरी आणला.

मी काळजी घेण्यात कुठे कमी पडले नाही. मुलीला नवऱ्याबरोबर बाहेर पाठवलं, गॅलरीची दारं सताड उघडली, हातमोजे चढवले. ब्रशनं रिमूव्हर फासलं. पंधरा मिनिटांत जुना थर फुगून मऊ झाला, तो प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडून काढला. मुठीवर कोरलेल्या बारीक जाळीतलं काळं जुन्या टूथब्रशनं टोकरलं. खोल मुरलेलं तेल ओढायला खडूची पूड टर्पेंटाइनमध्ये कालवून लेप दिला. तो सुकला की पिवळा पडायचा. तीन वेळा दिला. तेलकट फडकी गोळा करून ठेवली तर आपोआप पेट घेतात, म्हणून एकेक फडकं कठड्यावर वेगळं वाळत घातलं. आग, वास, विष, सगळ्यांचा विचार केला होता मी.

खालच्या कडेला एक खड्डा होता. त्यावर ओलं फडकं ठेवून इस्त्री टेकवली. वाफेनं लाकूड फुगलं, खड्डा भरून आला. मग वॉर्निशचे चार हात.

दस्ता परत दिला तेव्हा बाबांनी त्यावरून हात फिरवला. "आरसाच केलास गं." मग अंगठा खालच्या कडेला थांबला. "इथं एक खड्डा होता."

"काढला की! इस्त्रीनं."

"गेला होय?" ते म्हणाले. "तू झालीस असा निरोप आला ना गोदामावर, तेव्हा हातातून पडली होती बंदूक."

मी म्हटलं, "आता तेल लावायचं नाही हं बाबा. बघायचंसुद्धा नाही त्याच्याकडे."

"अजिबात नाही?"

"अजिबात."

पुढच्या रविवारी फोन आला. "काय करताय?" मी विचारलं. "काही नाही. बसलोय." मुलगी नुकतीच झोपली होती, मी कुजबुजत बोलत होते. "झोपलीय का? मग ठेवतो, ठेवतो," ते म्हणाले. त्यानंतर रविवारी फोन आला नाही. मीच मधल्या वारी, भाजी चिरता चिरता दोन मिनिटं करायचे. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. मुलीच्या झोपेच्या वेळेला फोन वाजायचा थांबला म्हणून.

सहा रविवार गेले. सातव्या रविवारनंतरच्या मंगळवारी काकांचा फोन आला.

बाबा टेबल आणि खुर्चीच्या मध्ये पडले होते. टेबलावर रविवारचं वर्तमानपत्र पसरलेलं. डॉक्टर म्हणाले, खुब्याचं हाड मोडलं होतं, उठता आलं नसणार. पडल्यावर सोमवारपर्यंत तरी जीव होता.

रविवारी साडेदहाला मी मुलीला थोपटत होते.

वर्तमानपत्रावर दस्ता होता. त्यावर तेल. माझ्या गुळगुळीत वॉर्निशवर ते नुसतं उभं होतं, थेंबाथेंबांनी. खाली आधीच्या आठवड्यांचं तेल, गोंदासारखं घट्ट झालेलं. ते लावतच होते, दर रविवारी. लाकूड पीत नव्हतं.

"तुला फोन का करत नाही, असं विचारलं होतं मी," काका जिन्यात म्हणाले. "तर म्हणे, नुसताच कसा करायचा? तिला लहान मूल आहे. तेल मुरत असताना केला की बरं वाटतं, आपलंही काहीतरी काम चाललेलं असतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी बाहेरगावी होतो गं दोन दिवस."

त्या क्षणी त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

आता दस्ता माझ्याकडे आहे. वॉर्निश खरवडून काढलं. रविवारी वर्तमानपत्र पसरते, तळहातानं तेल लावते. लाकूड पितं. खड्डा काही परत येत नाही. मुलगी टेबलाचा पाय धरून उभी राहते, तिला मी हाकलत नाही. मग ती वीस मिनिटं उरतात. साडेदहाला आधी काकांना फोन करते. तेही एकटेच आहेत. "छापा का?" ते विचारतात. मी हो म्हणते. त्यानंतरची उरलेली मिनिटं मला सरता सरत नाहीत.

तुमच्याकडेही एखादा फोन ठरल्या वेळी वाजत असेल. हल्ली तो वाजत नसेल आणि तुम्हाला थोडं बरंच वाटलं असेल, तर हे वाचणं बाजूला ठेवा. फोन लावा. उचलला नाही, तर कुणालातरी वर पाठवा. तुम्ही जवळ असाल, तर तुम्हीच जा.