टीव्हीच्या कपाटावर काढून ठेवलेलं घड्याळ

मित्रांनो, मी धावणाऱ्यांच्या मनगटावरचं एक जुनं घड्याळ आहे. काचेवर ओरखडे आहेत, पट्टाही दुसऱ्याच घड्याळाचा आहे. पण मला फक्त वेळ सांगणारा समजू नका हं. नाडी मोजायची आणि शरीरावर किती ताण पडला ते सांगायचं, हे माझं खरं काम.

आधी मी जयसिंग सरांच्या हातावर होतो. विश्रांतवाडीत ते मुलामुलींकडून पहाटे धावण्याचा सराव करून घेतात. नवीन घड्याळ आल्यावर त्यांनी मला चैतालीला दिलं. ती पहिल्यांदाच अर्धमॅरेथॉन धावणार होती. पोरीने मला असं जपलं की विचारू नका. धावून आली की आधी माझा घाम पुसायची, मग स्वतःचा.

पण माझे आकडे सरांच्या फोनवर जात, आणि ताणाचा आकडा चढला की सर तिचं धावणं कमी करत. तिला वाटे, बाकीच्या मुली पुढे जातील. मग तिने शक्कल लढवली. आरामाच्या दिवशी मला टीव्हीच्या कपाटावर ठेवायची आणि गुपचूप टेकडीवर धावून यायची.

मी तिथे पडून काय करणार? माझ्या लेखी ती आराम करत होती. सरांच्या फोनवर तेच दिसलं आणि त्यांनी खुशीत सराव वाढवला. इकडे ती नडगी धरून जिना चढू लागली. माझा जीव नुसता कासावीस झाला हो.

झोपताना मात्र ती मला बांधायची, आणि झोपेतही तिची नाडी उतरेना. ते पाहून सरांनी तिला मैदानावर थांबवलं.

"काल आराम होता ना?"

"हो सर."

"मग झोपेत धावतेस वाटतं."

चैतालीने मान खाली घातली. "घड्याळ घरी ठेवून गेले होते, सर. नडगी फार दुखतेय."

सर रागावले नाहीत. "बस गाडीवर. आधी डॉक्टर," एवढंच म्हणाले.

दवाखान्यात तिची नाडी माझ्याखाली धडधडत होती. डॉक्टर म्हणाले, "हाड शाबूत आहे, फक्त सूज आहे. अशीच धावत राहिली असतीस तर मोडलं असतं." तिने मोठा श्वास सोडला आणि नाडी सरसर उतरली. मित्रांनो, इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

यंदाची शर्यत हुकली. आता आरामाच्या दिवशी ती मला बांधून आईबरोबर गॅलरीत शेंगा सोलत बसते. सरांनी "आज काय केलंस?" विचारलं की ऐटीत सांगते, "काही नाही."

तुम्ही मला खुशाल काढून ठेवा, माझं काही दुखत नाही. पण तुमचं दुखलं, तर कुणाला तरी खरं सांगा.