खिळ्यावरचा पेला

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना पेला आहे. काठाला निळी रेघ, बुडाला टवका उडालेला. लाओसच्या डोंगरात जिथे धड रस्ता संपतो आणि जंगल सुरू होतं, तिथे पेंगमावशीच्या कॉफीच्या टपरीत मी खिळ्याला लटकलेला असतो.

मी थोंगसायचा. तो मोटरसायकलवर औषधं लादून जंगलापलीकडच्या गावांना जायचा. त्या वाटेवर फोन लागत नाही. म्हणून जंगलात शिरणाऱ्याने टपरीत कॉफी प्यायची, आपला पेला खिळ्याला अडकवायचा आणि परतल्यावर स्वतःच उतरवायचा, अशी तिथली रीत. तिसऱ्या संध्याकाळीही पेला तिथेच दिसला, तर मावशी माणसं घेऊन शोधायला निघायची. थोंगसाय एरवीही जपून वागणारा. उकाड्यातसुद्धा हेल्मेट काढायचा नाही, ओढा आधी पायी उतरून बघायचा. "तू म्हातारा होऊनच मरणार," असं मावशी त्याला चिडवायची. मला फार अभिमान वाटायचा. इतर पेले कॉफी सांभाळत, मी माणूस सांभाळत होतो.

एकदा तो असाच गेलेला असताना मावशीच्या भाचीचं लग्न होतं. पाहुणे वाढले, भांडी कमी पडली. शहरातून आलेला मावशीचा भाऊ लाम टपरीत शिरला आणि दिसतील ते पेले, खिळ्यावर एकटाच लटकलेला मीसुद्धा, टोपलीत भरून घेऊन गेला. त्याला रीत ठाऊक नव्हती, आणि त्याने कुणाला विचारलंही नाही.

तिसऱ्या संध्याकाळी मावशी लग्नाच्या घाईतही टपरीत डोकावून आली. "थोंगसाय येऊन गेला वाटतं, पेला नाही खिळ्यावर," ती मांडवात म्हणाली. "मेल्याला दोन घास खायचीही फुरसत नाही." मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो, भाताच्या दारूने काठोकाठ भरलेला. आपल्याला तोंड नाही याचं इतकं दुःख मला कधी झालं नव्हतं.

लग्न उरकल्यावर भांडी घासताना मी तिच्या हाती आलो. बुडाचा टवका पाहून तिने मला ओळखलं आणि बाकीची भांडी तशीच टाकून ती उठली.

मला झोळीत टाकून ती लाम आणि इतर माणसांबरोबर निघाली. थोंगसाय ओढ्यापलीकडे सापडला. कडा ढासळून मोटरसायकल पायावर पडल्याने त्याचा पाय मोडला होता. मागून येणारा कुणी धडकू नये म्हणून त्याने सरपटत जाऊन वाटेवर हिरव्या फांद्या टाकल्या होत्या. त्या वाळून गेल्या होत्या. तो तापाने फणफणला होता.

"मावशी," तो म्हणाला, "माझा पेला खिळ्यावर नव्हता का?"

लाम मान खाली घालून फांद्या बाजूला करत राहिला. उचलून परत आणत असताना थोंगसायने वाटेतच प्राण सोडला.

मित्रांनो, दूरच्या वाटेला निघाल तेव्हा हेल्मेट घाला, पाणी घ्या, कुणाला तरी सांगून जा. आणि दुसऱ्याने ठेवलेली खूण हलवण्याआधी ती कुणाची, एवढं विचारा. विचारायला लामला किती वेळ लागला असता?

आता खिळ्यांवरच्या पेल्यांना मावशी कुणाला शिवू देत नाही. रोज संध्याकाळी ती एकेकाला हात लावून बघते. माझ्यापाशी आली की थोडी थांबते. बाकीचे पेले उतरतात, पुन्हा चढतात. मला उतरवायला कुणी यायचं नाही.