टाचा खाली

"लाकूड रानातलं की अंगणातलं?" दुकानदाराने विचारलं.

बीपकाका यंत्राच्या लोखंडी चौकटीवरून हात फिरवत होते, तो त्यांनी चटकन मागे घेतला. गेला आठवडाभर जो तो हेच विचारत होता. अंगणातलं म्हटलं की लाकूडगिरणीवाले काढता पाय घेत. एकाने तर तोंडावर सांगितलं होतं, "काका, घराजवळच्या झाडाच्या पोटात लोखंड असतं. हुक, तारा, खिळे. माझं पातं जाईल. त्यापेक्षा जाळून टाका." त्या फोननंतर काका दोन दिवस धड जेवले नव्हते.

"अंगणातलं," ते म्हणाले. "आणि खिळे आहेत. मीच ठोकलेत."

"वा! इतकं खरं बोलणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा पाहतोय." दुकानदार खूश झाला. "मग हे पट्ट्याच्या करवतीचं यंत्र विसरा. फळी लोण्यासारखी काढतं, पण एक खिळा लागला की पट्टा कामातून गेला. आणि किंमत सांगायची तर आधी तुम्हाला खुर्ची द्यावी लागेल. तुम्ही हे घ्या. साधा चेनसॉ आणि त्याला जोडायची ही चौकट. पहिल्या कापाला ओंडक्यावर शिडी बांधायची आणि तिच्यावरून चौकट सरकवत न्यायची. भुसा फार पडतो, दंड भरून येतात, पण साखळी खिळ्याला घासली तर कानशीने पुन्हा धार लावता येते. घरच्या कामाला उत्तम. वर्षाला किती ओंडके कापणार?"

"एकच. त्यातलीही एकच फळी हवीय."

दुकानदाराने काकांना एकदा खालपासून वरपर्यंत पाहून घेतलं, पण हसला नाही. "खिळे केवढ्या उंचीवर आहेत?"

"ठोकले तेव्हा माझ्या कमरेच्या आसपास होते. आता झाड एवढं वाढलं, म्हणजे पार वर गेले असतील."

"छे हो! खिळा ठोकला तिथंच राहतो. झाड शेंड्याला वाढतं, खाली नुसतं जाड होतं. तुमचे खिळे अजून कमरेपाशीच आहेत. फक्त आत, खोल."

इतकी वर्षं काका मान वर करून त्या झाडाकडे पाहत आले होते. त्या खिळ्यांनी मापलेली लेक वर कुठेतरी फांद्यांत पोचली असेल, असं त्यांना वाटायचं आणि बरं वाटायचं. ती तर खालीच होती, त्यांच्या हाताशी. ते रोज तिच्यावरून नजर पुढे नेत होते.

त्यांनी चेनसॉ घेतला.

बीपकाका हे नाव कारखान्यातलं. घड्याळांच्या कारखान्याच्या फाटकावर, घरी निघालेल्या कामगारांच्या अंगावरून धातू ओळखणारी दांडी फिरवायची, एवढंच काम त्यांनी जन्मभर केलं. हात बाजूला, वळा, चला. कोणी खिशात चक्र नाहीतर स्प्रिंग लपवली असेल तर दांडी बीप करायची. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी तीच जुनी दांडी भेट म्हणून हातात दिली. सगळे पोट धरून हसले, काकाही हसले.

लेकीच्या दर वाढदिवसाला ते तिला मागच्या अंगणातल्या झाडाला पाठ लावून उभं करत आणि डोक्याला टेकवून खोडात खिळा ठोकत. पोरगी लबाड होती, हळूच टाचा उचलायची. "टाचा खाली," काका दटावायचे. ती टेकवायची आणि हातोडी उगारली की पुन्हा उचलायची. सहा वर्षांची होऊन ती तापाने गेली. पुढच्या वर्षी तिच्या वाढदिवशी जेवताना बायकोने हवेत हात धरला. "आज एवढी झाली असती," म्हणाली. काकांनी ताट सरकवलं. "हा विषय या घरात पुन्हा नको." बायकोने तो खरंच पुन्हा काढला नाही.

बायकोला जाऊन तीन वर्षं झाली होती. आता वादळाने झाडही मुळासकट पाडलं. घर विकलं होतं, नव्या मालकाला अंगण मोकळं हवं होतं आणि काका मेहुण्याकडे एका खोलीत राहायला जाणार होते. लेकीचा धड एक फोटो नव्हता. बाकी काय वाटेल ते जावो, ती खिळ्यांची फळी मात्र सोबत न्यायची, हे त्यांनी मनाशी धरलं होतं.

मेहुणा दुसऱ्या दिवशी दुपारी मदतीला आला. एरवी दारातूनच थट्टा सुरू करणारा माणूस, आज मुकाट आत आला.

"भाऊजी, राहू द्या ना हे," तो म्हणाला. "लाकूड आतून किडकं निघायचं. उगाच जीवाला त्रास."

"किडकं तर किडकं. शिडी धर."

फांद्या आधीच उचलून नेल्या होत्या. बुंध्याचा माणसाहून थोडा लांब तुकडा, मुळाकडची बाजू स्वयंपाकघराच्या दाराकडे करून आडवा पडला होता. मेहुण्याने पावसासाठी त्यावर जुनी चादर टाकली होती. झाड नसल्यामुळे घरात भलताच उजेड शिरत होता, आणि त्या उजेडात चादरीखालचं ते लांबट काहीतरी काकांना पाहवेना. त्यांनी ती ओढून काढली.

कापण्याआधी वरवरचं लोखंड पाहून घ्यावं म्हणून त्यांनी दांडी आणली. तिला चार बोटांपलीकडचं कळत नसे. त्यांचे खिळे खोल होते, तेव्हा ती गप्पच राहणार होती. मुळाकडून ते सवयीने दांडी फिरवू लागले, जणू कोणी हात बाजूला करून निजलं आहे. गुडघे, कंबर, खांदे. आणि खांद्यांच्या वर दांडी वाजली.

त्यांनी ती झटकली, पुन्हा फिरवली. पुन्हा तिथेच बीप. सालीला ना भोक होतं, ना गंज.

"तुझ्या ताईची कपडे वाळत घालायची दोरी होती का इथं?"

"नव्हती," मेहुणा म्हणाला. तो दुसरीकडेच पाहत होता.

मग काकांनी त्या वयाला न शोभेल असं काहीतरी केलं. ते मातीत ओंडक्याशेजारी आडवे झाले, मुळांच्या रेघेला टाचा लावून. "वाजव," त्यांनी सांगितलं. मेहुण्याने दांडी धरली. ती त्यांच्या कानाशी वाजली. एखादी मोठी बाई शेजारी उभी राहिली तर तिचं डोकं जिथे येईल, अगदी तिथे.

वाजलं ती बाजू कुशीला येईल असा त्यांनी पहारीने ओंडका फिरवला. वर शिडी बांधली आणि चेनसॉ सुरू केला. भुसा पायांवर साचत गेला. मधोमध पोचल्यावर साखळी एकदा किंचाळली, ठिणगी उडाली. थोडं पुढे पुन्हा. पुन्हा. जिथे लोखंड असायचं काही कारण नव्हतं, तिथेही.

यंत्र बंद झालं. दोघांनी वरचा अर्धा भाग ढकलून उताणा पाडला.

गाभ्याजवळ, कमरेच्या उंचीला, काळ्यानिळ्या डागांत काकांचे खिळे होते. मोजायची गरज नव्हती, हातांनी ओळखले. पण डाग तिथे संपत नव्हते. पुढचा थोडा वर आणि थोडा सालीकडे. त्याच्या पुढचा आणखी वर. एका ठिकाणी उंचीने एकदम मोठी उडी घेतली होती, पोरी अंगाने वाढतात त्या वयात. कानाच्या उंचीला पोचल्यावर चढ थांबला. तिथून खिळे एका सरळ रेषेत सालीकडे येत होते, त्याच उंचीवर, वर्षामागून वर्ष.

काकांना आठवलं. वर्षातून एकदा ते कामावरून परतत, तेव्हा मागून टक टक ऐकू यायचं. बायको पदराला हात पुसत आत येई. "सुतारपक्षी असेल," म्हणे. त्यांनी तेही कधी जाऊन पाहिलं नाही.

"तुला ठाऊक होतं," ते म्हणाले.

मेहुणा ओंडक्यावर बसला. "एकदा अचानक आलो तर ठोकताना दिसली. माझ्याकडून वचन घेतलं, भाऊजींना सांगायचं नाही. त्यांना सोसायचं नाही, म्हणाली." त्याने मांडीवरचा भुसा झटकला. "मी विचारलं, ताई, उंची तुला कळते कशी? तर अशी पाहायला लागली माझ्याकडे, जणू मीच खुळा. म्हणाली, 'कळते कशी म्हणजे? उभी राहते की ती. फक्त टाचा उचलते अजून. खोड गेली नाही.'"

उन्हातसुद्धा मेहुण्याने हात चोळले. आपण एकाच घरात, ताटाशेजारी ताट मांडून बसून बायकोला एकटं टाकलं, एवढंच काकांच्या मनात फिरत होतं.

संध्याकाळपर्यंत त्यांनी फळी काढली, जाड, सगळे खिळे पोटात ठेवून. दोघांनी ती स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून उभी केली. काकांनी दांडी घेतली आणि गाभ्यापासून चढत चढत नेली. दांडी प्रत्येक वर्षाला वाजत गेली. कडेला, सालीच्या अलीकडे, दोन-तीन बोटं लाकूड मात्र कोरं होतं. तिथे वाजण्यासारखं नवं काही नव्हतं. बायको गेल्यानंतरची वर्षं ती.

काका आत गेले. बांधलेल्या सामानातून खिळ्यांचा डबा आणि हातोडी शोधून आले. मेहुणा उठून उभा राहिला, पण पुढे झाला नाही.

त्यांनी कोऱ्या पट्टीवर, त्याच उंचीला खिळा धरला. हातोडी उगारली, आणि थांबले. खिळा बोटभर खाली घेतला.

"टाचा खाली," ते हळू आवाजात म्हणाले, आणि ती टेकेपर्यंत वाट पाहत उभे राहिले.